धूर खाणारा डबा

माझं नाव शकील. चंद्रपुरात गाडीवाल्यायले सायलेन्सरवाले शकीलभाऊ कुठी बसते विचारलं तं कोणी बी दुकान दाखवून देईल. आमचं घर पत्र्याच्या कामाचं. माझा दादा, म्हणजे अब्बाचे अब्बा, कंदील बनवे, नरसाळे बनवे, रॉकेलचे मापं बनवे, मंग घरोघरी लाइट आली आन् कंदील घेणारे राह्यले नाई, तं अब्बानं रेडिएटर आन् सायलेन्सरचं काम धरलं. मी सातवी करून अब्बाच्या बाजूले जाऊन बसलो थो आजवर तिथीच बसून आहो. पत्रा कापणं, वाकवणं, जोडणं, दुसरं मले काई येत नाई, आन् खोटं काऊन बोलू, जे येते ते चांगलं येते.

पयलेचं सायलेन्सर म्हणजे काय, एक पिंप, आतमध्ये दोन पडदे, सडलं का कापा, नवा पत्रा मारा, चाय पिऊन होईपर्यंत गाडी रस्त्यावर. मंग ह्या नव्या गाड्या आल्या. खाली पाहतो तं धान्याच्या कोठीएवढा डबा लटकवलेला, त्याच्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी, वरून युरियाचं पाणी टाकाची वेगळी टाकी, आन् चारी बाजूनं वायरा. कंपनीच्या वर्कशॉपचा एक माणूस मले म्हणाला होता, शकीलभाऊ, हा डबा धूर खाते, इंजिनातलं जहर बाहेर येऊ देत नाई. मी म्हणलं चांगलं आहे बाप्पा, खाऊ दे.

पण खाणाऱ्याचं पोट भरतेच ना. जाळीत काजळी भरली का ड्रायव्हरच्या समोर पिवळा लाइट लागते. मंग गाडी सपाट रोडवर एका चालीनं खूप वेळ पळवली तं थे काजळी आतच जळून जाते, पण आमच्या इथी कुठी सापडते असा रोड, आलापल्लीच्या पुढं गेलं का खड्डा, नाला, मोड, पुन्हा खड्डा. आन् लाइटकडे ध्यान नाई देलं का गाडी जोरच सोडते, वीसच्या वर जात नाई, कितीबी दाबा. युरिया संपला तं तेच. कंपनीवाल्यायनं काय समजून बनवलं मले नाई मालूम, त्यायनं भामरागड पाह्यलं नसंल एवढं मातर खरं.

माझा एक दोस्त आहे, गौतम. भद्रावतीचा, त्याचे वडील तिथच्या फॅक्टरीत हमाल होते, बाबासाहेबाचा फोटो गाडीत समोरच लावलेला, आन् त्याच्याखाली युरियाच्या रिकाम्या कॅनांचा ढीग. वीस-बावीस वर्षांची आमची दोस्ती. दुसऱ्याच्या गाड्या चालवून चालवून त्यानं स्वतःचा ट्रक घेतला आन् रेशनच्या धान्याचं काम धरलं, भामरागडकडे. थिकडे पावसाळ्यात रस्ते बंद होते, नदी पुलावरून जाते, म्हणून पाण्याच्या आधी धान्य पोचवाच लागते, एक गाडी चुकली तं गावं बसते वाट पाहत. तं त्या वर्षी गौतम भरली गाडी घेऊन गेला आन् जंगलात लाइट लागला. मोबाइलले टॉवर नाई, युरिया कुठी नाई, गाडी मुंगीवानी चाले. दोन दिवसाचा रस्ता त्याले पाच दिवस लागले. वापस आला तं घरी नाई गेला, सिधा माझ्या दुकानात आला आन् म्हणाला, शकीलभाऊ, काढ हे भूत, मले नाई पायजे हा डबा, मी तुले हात जोडतो.

मी काढला. आता तुम्ही लिहून राह्यले तं सरळ लिहा, मी काढला, कोणी माझा हात धरून काढवला नाई. अशे मी लय काढले होते त्याच्या आधी. डबा कापाचा, आतली जाळी काढून घ्याची, मधात सिधा पाइप टाकाचा, आन् वरून असा जोड माराचा का चेकिंगवाल्यानं खाली वाकून पाह्यलं तरी त्याले कंपनीचाच डबा दिसावा. डबा जागेवरच आहे असं गाडीच्या कॉम्प्युटरले समजावाले नागपूरचा एक जण लॅपटॉप घेऊन येत होता. मले त्या जोडाचा गर्व होता. दादाच्या कंदिलाले जोड दिसत नसे, तसा माझा बी दिसत नाई म्हणून मी लोकायले दाखवत होतो. आन् धुराची गोष्ट कोणी काढली तं माझं उत्तर तयारच, अरे चंद्रपुरात राहता ना, त्या वीजकारखान्याच्या मोठ्या चिमण्या पाहा पयले, कोळशाच्या गाड्यायची धूळ पाहा, छतावर शेवया वाळू घातल्या तं संध्याकाळी काळ्या होते, त्याच्यात माझ्या एका पाइपानं काय फरक पडते. सगळेच असंच म्हणते इथी. मी बी म्हणलं.

मंग पुढच्या साली, पाऊस लागून आठ-दहा रोज झाले होते, गौतमचा फोन आला. रात्रीची वेळ, मी जेवाले बसत होतो. आवाज असा का मले आधी वाटलं अॅक्सिडेंटच झाला. म्हणे, शकील, (भाऊ नाई म्हणाला, नुसतं शकील) पोरी पडल्या. मी म्हणलं कोणत्या पोरी, काय बोलून राह्यला. थो म्हणे आश्रमशाळेच्या, दोन बेहोश झाल्या, बाकीच्या उलट्या करून राह्यल्या, मी दवाखान्यात आहो, टॉवर इथीच भेटते.

झालं असं होतं का त्याची गाडी भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत तांदूळ घेऊन गेली होती. शाळेची कोठीची खोली आन् पोरीयची झोपाची खोली लागून लागून, मधात एक दरवाजा. धो धो पाणी. पोते भिजू नये म्हणून त्यानं गाडी रिव्हर्स घेऊन पार व्हरांड्याले लावली. बॅटरी कमजोर होती, बंद केली तं पुन्हा सेल मारणार नाई आन् नाला चढला तं इथीच अडकू, या भीतीनं इंजिन चालूच ठेवलं. शाळा सुटलेली, पोरी पावसापायी खोलीत खिडक्या लावून बसल्या होत्या. हमाल दोनच, तं खाली कराले तास-दीड तास लागला. आन् माझा पाइप, मी बसवलेला पाइप, खोलीच्या तोंडाशी. तांदूळ एका दरवाज्यानं आत गेला आन् धूर दुसऱ्या दरवाज्यानं पोरीयच्या खोलीत.

पोरी वाचल्या. हे पयले सांगून टाकतो, तुमचा जीव बी टांगला असंल. दोन रोज दवाखान्यात राहून सगळ्या वापस गेल्या. पण त्या दिवशी फोनवर मले हे मालूम नव्हतं आन् आमी काय केलं सांगू? भांडलो. पोरी थिकडे ओकून राह्यल्या आन् आमी दोघं पन्नाशीचे माणसं फोनवर भांडून राह्यलो. थो म्हणे तू डबा काढला म्हणून झालं. मी म्हणलं हात कोणी जोडले होते, आन् इंजिन बंद काऊन नाई केलं. थो म्हणे धूर खाणारा डबा असता तं चालू इंजिनानं एवढं झालं असतं का. मी म्हणलं मंग खिडक्या काऊन लावल्या त्या पोरीयनं. हे बोललो मी. तोंडातून निघालं आन् समोर माझी बायको नसरीन ताट घेऊन उभी होती, तिनं ताट तसंच खाली ठेवलं आन् माझ्याकडं असं पाह्यलं का मले फोन ठेवाच लागला.

महिनाभर आमी बोललो नाई. मंग नदी उतरली तं मीच त्याले फोन केला, म्हणलं मले घेऊन चाल तिथी. काऊन म्हणे. म्हणलं नाई मालूम काऊन, पाहाचं आहे मले. गेलो दोघं.

शाळेच्या अधीक्षिका मॅडम तं आमाले पाहूनच घाबरल्या. म्हणे झालं ते झालं, आमी वर दमट हवेनं त्रास झाला असं लिहून पाठवलं, तुम्ही आता काई काढू नका, नाई तं मलेच विचारतील पोरीयच्या खोलीकडचा कोठीचा दरवाजा कोणी उघडला. चहा देला आन् आत निघून गेल्या. तिथी सैपाक करणारी एक बाई होती, जुरीबाई, गोंडाची, मराठी मोडकंतोडकं बोले. तिनं आमाले व्हरांड्यात नेलं आन् भिंत दाखवली. चुन्याची पांढरी भिंत, आन् त्याच्यावर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर काळा डाग, पसरलेला, चिकट. मी बोट लावलं तं बोट काळं झालं. तिनं विचारलं, दादा, तुमी गाडीत काय जाळता?

मी म्हणलं डिझेल. थे म्हणे डिझेलवाल्या गाड्या आधी बी येत होत्या, मागच्या वर्षी नवी गाडी आली होती, तिचा धूर दिसतच नव्हता. मंग मी तिले समजावाले बसलो. डबा, जाळी, काजळी, पिवळा लाइट, युरिया, टॉवर, पाच दिवस, सगळं सांगितलं. गौतम बाजूले मान खाली घालून उभा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणे, म्हणजे गाडी थांबू नाई म्हणून काढला. मी म्हणलं हो. म्हणे गाडी थांबली असती तं तांदूळ नसता आला. मले वाटलं चला, बाईले पटलं, माझा जीव हलका झाला. तेवढ्यात थे म्हणे, मग आमी काय खावं दादा, तांदूळ का धूर? दोन्हीतून एकच भेटते का?

रागानं नाई विचारलं तिनं. आज भाजी कोणती करू विचारते, तसं विचारलं.

वापस येताना मी गौतमले म्हणलं, मी डबा पुन्हा बसवून देतो. थो म्हणे दे. पण कुठून देऊ? जाळी तं मी कवाच भंगारवाल्याले देऊन टाकली होती, त्याच्यात महागाचं काई तरी राहते म्हणून ते लोक दारात येऊन उचलते. नवा डबा घ्याचा तं गौतमले गाडीच विकावी लागते. असं आहे पाहा, कापाले मले एक दुपार लागली आन् जोडाले माझा सगळा हुनर घेऊन मी बसलो तरी ते होत नाई.

मंग मी सरकारी हापिसात गेलो. तिथच्या बाबूले म्हणलं साहेब, या भागात युरिया ठेवा, जाळी साफ कराची मशीन आलापल्लीत बसवा, मंग कोणी डबा कापणार नाई, मी स्वतः कापत होतो, मले मालूम आहे. बाबू म्हणे तक्रार कोणाच्या विरोधात आहे, नाव लिहा. म्हणलं माझं लिहा. थो हसला, म्हणे चाचा घरी जा. कंपनीच्या वर्कशॉपले गेलो तं ते म्हणे वरून ऑर्डर नाई. धुराची तपासणी करून पर्ची देणाऱ्याकडे गेलो, त्याच्याच पर्चीवर गौतमची गाडी पास होती, थो म्हणे मी नाई देली तं समोरचा देते, माझंच दुकान बंद होईल. ड्रायव्हर म्हणे मालक, मालक म्हणे ड्रायव्हर, आन् सगळे मिळून म्हणे शकील मिस्त्री. बरोबर आहे, शकील मिस्त्रीच. पण एकटाच का? माझं डोकं इथीच फिरते भाऊ. मी माझा गुन्हा कबूल कराले तयार आहो तं घ्याले कोणी तयार नाई.

गौतमनं शेवटी काय करावं, म्हणे पाइप वर करून दे, केबिनच्या मागून छताच्या वर, म्हणजे कोणाच्या खोलीत जाणार नाई. करून देला. चांगलं काम झालं, सरळ, मजबूत. पण धूर वर गेला म्हणून कुठी गेला थोडीच. नवी बॅटरी टाकली त्यानं, आता कुठी बी उभा राह्यला तं पयले इंजिन बंद करते, देवाच्या पाया पडल्यावानी. आमची दोस्ती आहे, चहा होते, पण डब्याची गोष्ट निघाली का दोघं बी रस्त्याकडं पाहतो.

मी कापणं सोडलं. त्याच्या बदल्यात जाळ्या साफ कराचं शिकलो, डबा सोडवून, हवा मारून, भट्टीत तापवून, दोन दिवसाचं काम आहे. दोन दिवस कोणाजवळ आहे? महिन्यात दोन-तीन गाड्या येते. रस्त्याच्या पल्याड एका पोरानं नवं दुकान टाकलं आहे, थो दुपारभरात कापून देते. नसरीन म्हणते तुमचा जोड चांगला होता, तेवढंच सांगा लोकायले, बाकी सोडा. मी म्हणतो तोच तं वांधा झाला.

आज सकाळी तुम्ही इथी यायच्या आधी एक ड्रायव्हर आला होता, नवा ट्रक, सिरोंच्याकडं जाणारा, पिवळा लाइट लागलेला. मी म्हणलं साफ करून देतो, परवा संध्याकाळी घेऊन जा. त्यानं मोबाइलमध्ये टाइम पाह्यला, मले सलाम केला, चांगला पोरगा होता, आन् गाडी वळवून पल्याड लावली. हा ग्राइंडरचा आवाज येऊन राह्यला ना, ते त्याच्याच डब्याचं काम आहे. मी काय त्या पल्याडच्या कापणाऱ्याले शिव्या देऊ? मी बी तिथूनच आलो. अल्ला त्या ड्रायव्हरले सुखरूप पोचवो. आन् थो जिथी जाऊन गाडी उभी करंल, तिथच्या लोकायले बी सुखरूप ठेवो.