दहाव्याचं भाषण

कर्जतला आमच्या चुलत्यांच्या दहाव्याला काय झालं, ऐका. श्रद्धांजलीला बापूराव उभे राहिले. तालुक्यात त्यांच्या भाषणाला मोठा मान. पण या वेळी त्यांनी खिशातून मोबाईल काढला. सकाळीच मला म्हणाले होते, "आता एआय लिहून देतंय, आपन कशाला डोकं शिनवायचं?"

चष्मा चढवून ते वाचत सुटले. भाषण संपलं, तरी खाली एआयनं विचारलेला प्रश्नही त्यांनी त्याच रडव्या सुरात वाचून टाकला, "हे भाषण आणखी भावूक करून देऊ का?"

चूक ध्यानात येताच बापूराव घाईघाईनं मोबाईल खिशात कोंबू लागले. तेवढ्यात पुढं बसलेली चुलती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "व्हय, द्या की करून. सुना अजून रडल्या न्हाईत."