चीजचा पाव कोणी शिकवला

"हॅलो?… हॅलो, पिंपळगाव राजा पोस्ट… बुलढान्याहून?… हाव, जोडा."

पोस्टमास्तर भाऊराव आत जेवायला बसला होता, म्हणून फोन त्याच्या बायकोनं, सिंधूनं उचलला. पलीकडं थोरली जाऊ होती, मनकर्णाबाई. दिवाळीनंतर आज पहिल्यांदा.

"सिंधूच बोलून राह्यली… बरी हाओ… काय? चीजचा पाव? उद्या?… नाई वो जाऊबाई, येनं नाई जमनार… एस.टी.नं कसा पाठवू? गरमच खा लागते तो."

खामगावच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंकडून शिकलेला तो पाव सिंधूनं दिवाळीत जाऊच्या घरी भाजला होता. फराळाला आलेली इंजिनियरसाहेबांची बायको तर घासागणिक वाहवा करत होती. जाऊ म्हणाली, "मीच केला." आणि आत कोण आहे असं विचारल्यावर, "गावाकडची बाई आहे, भांड्यांना ठेवलीय." सिंधूनं ते दाराआडून ऐकलं होतं.

"कागद घ्या मंग… अर्धा किलो मैदा. खमीर बेकरीवाल्याकडून आना, कोमट दुधात फुगू द्या… मीठ? तीन चमचे… हाव, मोठे… काऊन, भरोसा नाई?"

चीज मुळातच खारट. त्यात एवढं मीठ पडल्यावर घास कोणाच्या घशाखाली उतरला नसता. सिंधूला गोड वाटत होतं.

"पन येऊन कोन राह्यलं?… इंजिनियरीनबाई? भाच्याले घेऊन?… अन्नपूर्णाले पाहाले?… अन् पाव पोरीनं केला म्हनून सांगनार?"

दिवाळीत सिंधूशेजारी बसून भांडी घासू लागणारी त्या घरात एकटी जाऊची पोर अन्नपूर्णाच होती.

"हॅलो… हाव, हाओ मी इथंच. जाऊबाई, ते खोडा… मीठ खोडा म्हन्ते!… चुकली नाई. मुद्दामच सांगितलं… हाव, मुद्दाम!… ओरडू नका. भांडेवाली बाई ना मी? तिले पाव कुठून येईन?… समदं ऐकलं मी तवा… माफी ठेवा तुमच्याजवळच. अन्नपूर्णाले फोन द्या… नाई, तुमाले नाई सांगत. तिलेच सांगीन, नाई तं ठेवते."

थोडा वेळ नुसती खरखर. मग पोरीचा आवाज आला.

"अन्नू? लिहून घे बाई… मीठ अर्धा चमचा, लहान. चीज किसून निम्मं आत, निम्मं वरतून. जिरं, हिरवी मिरची… पत्र्याच्या डब्यात रेती तापव, त्यात पावाचं भांडं ठेव, अन् डब्याच्या झाकनावर निखारे… अगं ऐक ना, रडू नको… सळई खुपसून पाह्य, कोरडी निंगाली का झालं… हाव, हाव… अन् कोनी शिकवलं म्हनून इचारलं तं?… आई काय म्हन्ते तिथून?… तिचं नाव घे म्हन्ते?"

सिंधूचा आवाज असा चढला, की भाऊराव उष्ट्या हातानं बाहेर आला.

"दे तिले फोन!… जाऊबाई, उद्या इंजिनियरीनबाईसमोर खरं सांगा. नाई तं दुपारच्या एस.टी.नं मी येते, अन् पाहुण्यायसमोर तुमालेच पीठ मळाले लावते!… तुमची इज्जत? अन् माही?… काय? ऐकू नाई आलं… मोठ्यानं बोला… 'सिंधूनं शिकवलं.' हाव… अजून एकदा म्हना… खरखर होऊन राह्यली, पुन्यांदा."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावरच तिनं फोन ठेवला.