देवघरातलं डोंगल

तुम्ही हसान, पण आयका. पोरीची दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा, म्हणून लोणारहून नवा कम्प्युटर आणला. वायफाय जोडून द्याले मेकॅनिक बोलावला. तो बूट घालूनच आत आला, तं पोरगी आधीच त्या नव्या कम्प्युटरवर इंटरनेट चालवून राह्यली होती. त्यानं कम्प्युटरच्या मागं वाकून पाह्यलं.

"भाऊ, वायफायचं डोंगल कुठं हाये?"

"मायनं हळद-कुंकू लावून देवघरात ठेवलं. पूजा झाल्यावर बसवा म्हणे."

"त्याच्याबिगर याले वायफाय भेटतच नाही. वायरबी नाही. मंग हे कायच्यावर चालून राह्यलं?"



"आणू का ते?" मी इचारलं.

"हात नका लावू," तो हळूच म्हणे.

मंग उठला, बाहेर गेला अन् बूट काढून परत आत आला.