आवाज कोण कमी करतंय

(नोव्हेंबरातली दुपार. आउने खाडीकाठच्या घरात, स्वयंपाकघरात; तिची भाची एलिना दूर औलूला. दोघी फोनवर.)

एलिना : बटणाला हात लावू नकोस गं मावशी. काकांनी स्पीकर कॉम्प्युटरला जोडलेत, आणि मी इथूनच त्यात शिरलेय. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की आवाज बदलतो. बघ, साठ टक्के केला.

आउने : हं, आता रेडिओ नीट ऐकू येतोय. पण थांब जरा. रोज याच वेळेला उतरतो मेला.

एलिना : कधीपासून?

आउने : खाडी गोठायला लागली तेव्हापासून. आठवडा झाला असेल. हा बघ, उतरला.

एलिना : पंचेचाळीस दिसतोय. मी काहीच केलं नाही. काकांनी वेळ लावून ठेवली असेल, बघते... नाही. तसलं काही नाहीये इथे.

आउने : तुझा टाइस्तोकाका हेच करायचा. माझा रेडिओ मोठा. बोट धक्क्याला आली तरी त्याची हाक मला ऐकू यायची नाही. मग बोटीतूनच आवाज कमी करायचा आणि हाक मारायचा. मी दोर धरायला जायचे.

एलिना : बोटीतून कसा?

आउने : लॅपटॉप असायचा ना, नकाशे बघायला. बोट उलटी सापडली. तो आणि लॅपटॉप काही सापडले नाहीत.

एलिना : त्या लॅपटॉपला काकांनी काही नाव दिलं होतं?

आउने : लोक्की. समुद्रपक्ष्याचं नाव.

एलिना : मावशी, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आत्ता दोघं आहेत. एक मी. दुसऱ्यापुढे लोक्की लिहिलंय.

आउने : ...आता किती आहे?

एलिना : तीस. थांब, त्याला तोडते. तुटला. नाही, परत आला. वीस.

आउने : हाक ऐकू येतेय.

एलिना : कुठून?

आउने : खाडीतून. त्याचाच आवाज आहे, एलिना. माझे बूट कुठे गेले?

एलिना : बाहेर जाऊ नकोस. बर्फ अजून बोटभरसुद्धा जाड नाही. शेजारच्या पेन्टीला निरोप टाकलाय, तो निघालाय. ऐकतेयस ना? मी शंभर लिहिलं. दहा झाला. परत शंभर लिहिते. मावशी, दार कसलं वाजलं?

आउने : पायरीवर आलेय. इथून स्वच्छ ऐकू येतंय. ये म्हणतोय. सरळ चालत ये म्हणतोय.

एलिना : आत हो. हात जोडते तुला.

आउने : एकेचाळीस वर्षं संसार केला मी त्याच्याबरोबर. कोवळ्या बर्फावर नुसतं पाऊल ठेवलं, तरी धक्क्यावरून शिव्या घालायचा मला. मागे फिर म्हणायचा. चारचौघांत लाज आणायचा.

एलिना : मावशी?

आउने : हा तसं काही म्हणत नाहीये.

एलिना : मग?

आउने : आत आले. कडी लावली. पेन्टी येईपर्यंत हात थांबवू नकोस. आवाज वाढव, पोरी.