दोनशे तीनची तिसरी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले पाळकसाहेब; प्रमुख पाहुणे, आदरणीय बिशपसाहेब; व्यासपीठावरचे कमिटीचे सन्माननीय सभासद; गायकवृंदाच्या प्रमुख बाई; आणि पंख्याखालची जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधी येऊन बसलेल्या माझ्या सुजाण बंधू-भगिनींनो,

चौतीस वर्षं मी तुमच्याकडे पाठ करून बसलो. ऑर्गनची जागाच तशी आहे. आज पहिल्यांदा तुमच्याकडे तोंड करून उभा आहे आणि कळतंय, पाठ बरी होती.

सचिवांनी आत्ता मानपत्र वाचलं. 'संगीतशास्त्राचा गाढा व्यासंग' हे शब्द आले तेव्हा मी आजूबाजूला बघितलं, म्हटलं आणखी कोणाचा सत्कार आहे की काय. मी धंद्याने शिंपी. व्यासंग असलाच तर काजं करण्याचा. तुमच्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे, पण हे मानपत्र घरी नेण्याआधी मला काही सांगितलं पाहिजे. निरोप माझा असला तरी बोलणं पाळकीणबाईंबद्दलचं आहे. त्यांना जाऊन आज पाच आठवडे झाले.

एक्क्याण्णव वर्षं जगल्या. नव्या पिढीने त्यांना काठी टेकत येताना पाहिलंय. मी ऑर्गनवर बसलो तेव्हा त्या सत्तावन्नच्या होत्या आणि चालताना लोकांना मागे टाकायच्या. पहाटे उठून आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायच्या. नावं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेली. त्यात तीन वर्षं एका नळदुरुस्तीवाल्याचंही नाव होतं. तो आजारी नव्हता, येतो म्हणून येत नव्हता. शेवटी आला, आणि बाईंनी त्याच्या नावापुढे आभाराची खूण केली. त्यांच्या हातचा बाप्तिस्म्याचा पांढरा झगा आपल्यापैकी निम्म्या लोकांनी घातलाय, आणि कित्येकांनी ओला केलाय. थोरल्या पाळकसाहेबांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, उपदेश लांबला की त्या चष्मा काढून पुसायला लागायच्या. काच लख्ख झाली की साहेब 'आमेन' म्हणायचे. चाळीस वर्षांचा संसार असा कुरकुर न करता चालला, याला आणखी काय म्हणायचं?

तर, आधीचे ऑर्गनवादक दुसऱ्या गावी गेले तेव्हाची गोष्ट. बाई साहेबांचा काळा झगा उसवला म्हणून माझ्या दुकानात आल्या. मी कोपऱ्यातली जुनी पेटी वाजवत बसलो होतो. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मास्तर, शिलाई मशीन पायाने चालवता ना? मग ऑर्गनचं अर्धं काम झालं. नोटेशन वाचता येतं?"

मी म्हटलं, "येतं."

का म्हटलं? बंधू-भगिनींनो, मला तो ऑर्गन हवा होता. दहा वर्षं मागच्या बाकावरून मी त्याच्याकडे बघत होतो. आणि खरं सांगतो, मला नोटेशन तेव्हा येत नव्हतं आणि आजही येत नाही.

(सचिवसाहेब, खुर्ची सोडू नका, अजून पुष्कळ आहे.)

पहिल्या रविवारी फलकावर जो आकडा लागला होता, ते गीत मला ऐकून पाठ होतं. वाजवलं. सगळे खूश. उपासना संपल्यावर बाई ऑर्गनपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, गीत चौसष्टावं वाजलं, आणि पुस्तक दोनशे अकरावर उघडं होतं."

मी पुस्तक मिटलं. त्या म्हणाल्या, "किती येतात?"

"एकवीस."

"बरं. शुक्रवारी चारला दुकानात येते."

आपल्या ल्यूथरन मंडळीत फलकावर लाकडी आकडे लागले की तो शब्द शेवटचा. पाळक कागदावर काही लिहू देत, मंडळी फलकावरचं गाते. आणि शनिवारी आकडे लावायचं काम बाईंचं. त्यांनी मला येणारीच गीतं लावायला सुरुवात केली. साहेब विचारायचे, "अगं, मी एकशे बारा लिहून दिलं होतं ना?" त्या म्हणायच्या, "उपदेशाला हेच जास्त जुळतं." मग साहेब रविवारी सकाळी बसून उपदेश गीताला जुळवायचे. त्या वर्षांत स्वर्गाबद्दल फार उपदेश झाले, कारण मला येणारी बरीच गीतं स्वर्गाची होती.

आणि दर शुक्रवारी चारला त्या दुकानात येऊन एक नवं गीत म्हणायच्या. मी बोटांनी शोधायचो. नोटेशन त्यांनाही येत नव्हतं. त्या आईकडून ऐकून शिकलेल्या. सात वर्षांत सगळं गीतपुस्तक माझ्या बोटांत उतरलं. माझ्याकडून गायकवृंद शिकला, गायकवृंदाकडून तुम्ही. थोरल्या साहेबांना चाल कळण्याचा प्रश्नच नव्हता. ते विद्वान होते, पण गायला लागले की पुढच्या बाकावरची बाळं रडायची.

आता दोनशे तीनवर येतो. तुमच्या सगळ्यांच्या आवडीचं. लग्नात म्हणता, मयतीत म्हणता. आठ वर्षांपूर्वी बाई तीन महिने धाकट्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या. परत आल्या त्या सोमवारी काठी टेकत थेट दुकानात.

"मास्तर, आपलं दोनशे तीन चुकीचं आहे."

"कोण म्हणतं?"

"तिथली अख्खी मंडळी. मला आधी त्यांचीच कीव आली. मग मुलाने पुस्तक समोर ठेवून वाजवून दाखवलं. तिसऱ्या ओळीला सूर खाली यायला हवा. आपण वर चढतो. आई माझी चुकली असेल, नाहीतर मी. पण तुम्हाला मीच शिकवलं."

"मग आता?"

"मंडळीला सांगू या."

मी सुईत दोरा ओवत होतो, तो काही केल्या जाईना. म्हटलं, "बाई, काय सांगू? पुस्तकात छापलेलं सव्वीस वर्षं मला दिसलं नाही, असं?"

त्या म्हणाल्या, "ते तुमचं आहे, तुम्हीच सांगायचं. जमेल तेव्हा सांगा. पण मला आता कळलंय. देवासमोर उभं राहून जाणूनबुजून चुकीचं माझ्याच्याने म्हणवणार नाही."

पुढचं तुम्ही पाहिलंय. ऑर्गनवरच्या आरशात मीही पाहिलंय. दोनशे तीनच्या तिसऱ्या ओळीला अख्खी मंडळी वर जायची आणि एक म्हातारा, खणखणीत आवाज एकटाच खाली यायचा. पोरं एकमेकांना कोपर मारायची. मोठी माणसं म्हणायची, "वय झालं, कान गेले." गायकवृंदाच्या बाईंनी अगदी गोड शब्दांत त्यांना पुढचं बाक सोडून मागे बसायला सुचवलं. बाई, तुमचा दोष नाही, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. पाळकीणबाई हसून उठल्या आणि मागे जाऊन बसल्या. एका शब्दाने खुलासा केला असता तर हसणारी तोंडं बंद झाली असती. नाही केला. आठ वर्षं.

शेवटी अंथरुणावर होत्या तेव्हा भेटायला गेलो. म्हणाल्या, "जमलं का मास्तर?" म्हटलं, "अजून नाही." म्हणाल्या, "घाई नाही." मग हसल्या. "म्हणजे तुम्हाला नाही. मला थोडी आहे."

आपल्या नव्या ऑर्गनवादक मुलीने त्यांच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मला विचारलं, "काका, तिसऱ्या ओळीत सूर खाली यायला हवा ना? पुस्तकात तसंच आहे." मी म्हटलं, "आमच्याकडे अशीच चाल आहे." पुन्हा खोटं. आणि दुसऱ्या दिवशी आपण साडेतीनशे माणसांनी दोनशे तीन म्हटलं. बरोबर चाल येणारा आवाज आमच्यात नव्हता, शवपेटीत होता. घरी जाऊन मी खूप रडलो. माझी बायको म्हणाली, "रडून काय होणार? बोला."

म्हणून बोललो. आता बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय, आठ वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. मानपत्रातला तो गाढा व्यासंग सचिवांनी खोडावा. चौतीस वर्षं तेवढी ठेवावीत, ती मी खरोखर बसलो आहे. अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, बिशपसाहेब इतक्या लांबून आले, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं शेवटी म्हणण्याचा रिवाज आहे. मी रिवाज म्हणून म्हणत नाही. मला माफ करा.

आणि मुली, तू बस ऑर्गनवर. पुस्तकात आहे तसं वाजव. मंडळींनो, दोनशे तीन काढा. मी मागे त्यांच्या बाकावर जाऊन उभा राहतो. तिसऱ्या ओळीला सवयीने वर जायला निघाल, मीही निघेन. तेवढ्यापुरतं थांबा, आणि पाळकीणबाई जिथे उतरायच्या तिथे उतरा.