चौघांत वाटलेला सूर

मपलं नाव सुदाम. गाव म्हनसाल तर चुडावा, पूर्णा तालुक्यातलं, ठेसन हाय बगा तिथं, त्या ठेसनाच्या मागंच आमची वस्ती. आमी बौद्ध लोक. बाप दिवसा लोकाच्या रानात कामाला जायचा आन् लगीनसराई आली की बँडमधी क्लॅरोनेट वाजवायचा, काळं लाकूड, त्याला चकचकीत चाव्या, तोंडाशी वेताची बारीक पत्ती, त्या पत्तीवर सगळा खेळ. मला त्येनं शिकवलं ते असं, की मालगाडी यायली की ठेसनाच्या कडंला उभं करायचा आन् म्हनायचा, इंजन दिसलं की एक सूर धर, गार्डाचा डबा जाईस्तोवर सोडू नको. आता मालगाडी म्हंजे काय सांगू तुमाला, संपता संपत न्हाई, डोळ्यापुढं काजवे यायचे. सोडला तर बाप मारायचा न्हाई, बोलायचा बी न्हाई, नुसतं तोंड फिरवायचा, त्येचंच लय लागायचं. ज्या दिवशी गार्डाच्या डब्यापोतर सूर पोचला त्या दिवशी बाप म्हनला, आता तुला दम आला. एवढंच म्हनला. ते एवढं माझ्या डोक्यात बसलं की दम हीच माझी इस्टेट असं मी समजत आलो.

लगीन झालं, सेलूची कांता केली, तिच्या भावानं मला हितं सेलूत जिनिंगमधी लावून दिलं. तुमी जिनिंग बघितली का आतून? कापूस येतो, मशिनीतून सरकी एकीकडं पडती, रुई एकीकडं, आन् मधी हवेत जे बारीक तूस उडतं ते कुनीकडंच पडत न्हाई, ते मानसाच्या नाकातोंडात. संध्याकाळी बाहेर निघालं की भुवया पांढऱ्या, लेकरं वळखायची न्हाईत. सीझनला जिनिंग, लगीनसराईला बँड, असं चाललं व्हतं लय वर्सं. मग डीजे आले, बँड बसला, क्लॅरोनेट पेटीत गेलं. फक्त जयंतीला आन् पुर्निमेला विहारात काढायचो.

तिथंच ऐकलं मला वैशालीताईनं. ताई हितल्या हायस्कूलात मास्तरीन हायेत, वायलीन वाजवत्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभ्या. कांता घाबरली, तिला वाटलं पोरीनं शाळेत काई केलं, ती आपली आधीच म्हनायली, ताई, पोरगी तशी न्हाई आमची. ताई म्हनल्या, मी तुमच्या मालकाला न्यायला आले. मी वायलीन, हबीबचाचा हार्मोनियम, नामदेव तबला, तुमी आले की चौघं. मी म्हनलं, गायला कोन? त्या म्हनल्या, कोनीच न्हाई.

हबीबचाचा म्हंजे बाजारातले टेलर, कपडे शिवत्यात आन् लोकाच्या बिघडलेल्या पेट्या दुरुस्त करत्यात. नामदेव वायरमन. रविवारी सकाळी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत बसायचं ठरलं. मी गेलो आन् सवयीनं मागं बसलो, बँडात मी मागंच चालायचो. ताई म्हनल्या, हितं मागंपुढं न्हाई, अर्धगोल बसायचं, सगळ्यांची तोंडं सगळ्यांना दिसली पायजेत, कोनी कोनाला साथ द्यायची न्हाई, चौघंबी बोलायचं. मला घाम फुटला. बँडात चुकलं तर ढोलाखाली झाकून जातं. हितं चार वाद्यं, माईक न्हाई, बारक्या खोलीएवढा आवाज, सुई पडली तरी कळंल. घरी येऊन कांताला म्हनलं, मी न्हाई जायचा. ती म्हनली, जाऊन तर बगा, न्हाई जमलं तर तवा सोडा.

जमलं हो. कसं जमलं मलाच ठाव न्हाई. ताई चाली लिवायच्या, मला काई ते सुरांचं लिवलेलं वाचता येत न्हाई, चाचा मला पेटीवर दाखवायचे, मी कानानं उचलायचो. लोकाच्या बैठकीच्या खोलीत वाजवलं, वाचनालयात वाजवलं, एकदा येलदरीला धरनाच्या कॉलनीत. लोक अर्धा घंटा ऐकायचे आन् मग हळूच इचारायचे, गानारा कवा येनारे? नामदेव लय हसायचा.

माझ्या बापाची वरातीची एक सावकाश चाल व्हती. ती म्या सहज वाजवून दाखवली तर ताईनं ती चौघांसाठी बांधली. तिच्या मधोमध तिघंबी थांबत्यात आन् माझा एकट्याचा लांब सूर ऱ्हातो, लय लांब, मग हळूहळू बाकीचे येत्यात. ती चाल वाजवायच्या आधी ताई माझ्या बापाचं नाव घ्यायच्या, लोकाम्होरं. मी मान खाली घालून बसायचो, पन आतून छाती अशी वर यायची.

आन् तीच छाती दगा द्यायली. पयल्यांदा कळलं ते सोमवारी. रविवारी सुट्टी, सोमवारी जिनिंगमधी गेलं की दुपारपोतर छाती आवळायची, कोनी दोरी बांधून वढल्यासारखी, मंगळवारी जरा सैल, बुधवारी काई न्हाई. मी म्हनलं आसंल थंडीचं. पुढच्या सीझनला बुधवारी बी ऱ्हायली. मग शनवारी बी. मग एका रविवारी त्या खोलीत, त्या लांब सुरात, अर्ध्यातच दम सरला. म्या काय केलं, तर मधीच एक छोटा झटका दिला, जशी काई हरकत घेतली, आन् त्या झटक्यात श्वास चोरला. ताई म्हनल्या, अरे वा, हे नवीन चांगलं वाटतंय. काय सांगू तुमाला, मला जमीन फाटून आत जावं वाटलं.

तिथून मी चोरायलोच. दर रविवारी. कवा म्हनायचो पत्ती खराब निघाली, तीन-तीन पत्त्या बदलायचो. कवा म्हनायचो तोंडात फोड हाय. रविवार जवळ आला की जेवन जायचं न्हाई. आधी मी रविवारची वाट बघायचो, आता भ्या वाटायलं. कांताला ठाव व्हतं, ती बायको हाय, तिच्या कानाशीच मी धापा टाकायलो. तिनं धरून परभनीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं डाक्टरीन बाई व्हती, तिनं हातात नळी दिली आन् म्हनली, फुका जोरात. मला हसू आलं, म्हनलं, बाई, जन्मभर तेच केलं म्या. फुकलं. ती म्हनली, परत. परत फुकलं. ती मशिनीतून निघालेला कागद बघायली. मग इचारलं, काम काय करता? जिनिंग म्हनलं. ती म्हनली, त्या धुळीतून बाहेर निघा, जितकं गेलं ते सगळं परत येनार न्हाई, पन ऱ्हायलेलं तरी राखा. मी म्हनलं, क्लॅरोनेट? ती म्हनली, वाजवा की, त्येनं नुकसान न्हाई, पन दम पयल्यासारखा पुरनार न्हाई.

तो कागद म्या क्लॅरोनेटाच्या पेटीत, मखमलीच्या खाली घडी करून ठेवला. आन् कोनाला काई सांगितलं न्हाई. कारन परभनीला कार्यक्रम ठरला व्हता, खरा हॉल, जानकार लोक बसनार, ताईनं वर्सभर त्याच्यासाठी जीव टाकला व्हता. सांगितलं तर काय म्हनतील? दुसरा आनतील. मी कोन? जिनिंगचा मानूस. परभनीत एक कीबोर्डवाला व्हता, क्लॅरोनेटचा आवाज तसाच्या तसा काढायचा म्हनं, बटन दाबलं की झालं, त्याला ना छाती ना खोकला. तो मानूस म्या कवा बघितला बी न्हाई, पन माझ्या खुर्चीत तो बसलेला मला रोज दिसायचा.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी सराव संपला, ताई आन् नामदेव गेले, चाचा पेटी बंद करता करता म्हनले, सुदाम, एक बात पूछूं? मपल्या पेटीचा भाता कुठं फाटला तर मला आवाजावरून कळतं, बारीक सूं सूं येतं. तेच तुझ्यातून यायलंय, कितीक महिन्यापासून. मी म्हनलं, पत्ती. ते म्हनले, पत्ती न्हाई बेटा. मला असा राग आला, म्हनलं, तुमी कपडे शिवा चाचा, डाक्टर नका होऊ. त्यांनी पेटीचा खटका लावला. मग म्हनले, तू सांग ताईला, न्हाई तर मला सांगावं लागंल, चौघं बसतो आपन, एकानं छुपाके ठेवलं तर तिघं आंधळे. मी क्लॅरोनेटाची पेटी उचलली आन् निघालो.

दोन दिवस घराबाहेर पडलो तो फक्त कामाला. तिसऱ्या दिवशी कांता म्हनली, तुमी जाता का मी जाऊ. मग गेलो शाळेत, मधल्या सुट्टीत, पोरं सगळी आरडायलेली, डबे वाजायलेले, त्या गोंधळात ताईच्या हातात तो कागद दिला. त्यांनी वाचला. मला वाटलं म्हनतील, अरेरे. त्या एवढ्या भडकल्या, म्हनल्या, दम गेला ते तुमच्या हातात न्हाई, पन वर्सभर आमी तिघं कान देऊन तुमचं ऐकायलो आन् तुमी आमाला खोटं ऐकवलं. मी त्या झटक्याला वा म्हनले, सुदामभाऊ! डोळ्यात पानी त्यांच्या. मला वाटलं संपलं. मी म्हनलं, ताई, तो कीबोर्डवाला बोलवा. त्या म्हनल्या, कोन कीबोर्डवाला? त्यांना ठावच न्हाई कोनी!

मग त्याच दिवशी शाळा सुटल्यावर चौघं बसलो. मी आधी चाचाची माफी मागितली, ते म्हनले, छोड, तुझ्या पँटीची शिवन उसवलीय ती आनून दे. ताईनं सांगितलं, लांब सूर एकट्याचा ठेवायचा न्हाई. सुदामभाऊ सुरू करतील, मान वर करून माझ्याकडं बघतील, तवा मी खालून वायलीन लावीन, ते हळूच निघतील, ऐकनाराला जोड दिसनार न्हाई. सगळं बरोबर व्हतं. पन मला कसं वाटलं सांगू? घरातली खोली वाटून दिल्यासारखं. म्हनलं, ताई, तो बापाचा सूर हाय. त्या म्हनल्या, म्हनून तर तो तुटू द्यायचा न्हाई.

परभनीच्या हॉलात संध्याकाळी बसलो. पयल्या दोन चाली नीट गेल्या. मग बापाची चाल. तिघं थांबले आन् म्या सूर धरला. हॉल असा गप, आन् सूर असा गोड लागला, की माझ्या मनात आलं, अजून थोडं, अजून थोडं जातोय की. मान वर करायची येळ आली, म्या केली न्हाई. डोळे मिटून घेतले. ताई वाट बघायल्या, गज तारेवर टेकवून, पन म्या बघितलंच न्हाई तर त्या येतील कशा? आन् दम सरला. पत्तीतून ची असा आवाज निघाला आन् मग काईच न्हाई. रिकामं. किती येळ ते मला सांगता येत न्हाई, मला तर लय मोठा वाटला, कानात नुसतं माझं रक्त वाजायलं. मग चाचाची पेटी आली, तोच सूर, इतका बारीक की आधी मला वाटलं भास व्हायलाय. मागून वायलीन. नामदेवानं एक थाप दिली, नुसती बोटानं. मी दोन श्वास घेतले, छातीतून घरघर यायलेली, आन् डोळे उघडून ताईकडं बघितलं, त्यांनी मान हलवली, मी परत आत गेलो. चाल पुरी झाली. टाळ्या पडल्या, पन त्या मला काई ऐकू आल्या न्हाईत.

मागं येताना ठेसनात गाडीची वाट बघत बाकड्यावर बसलो. ताई माझ्याशी बोलंनात. मी म्हनलं, ताई, माझी चूक झाली. त्या रुळाकडं बघतच म्हनल्या, पुढच्या येळी मान वर करा. पुढच्या येळी म्हनल्या हो त्या! मी तोंड फिरवून बसलो, कारन मला रडू आलं.

त्याला आता वर्स व्हत आलं. जिनिंगमधी मुकादमाला म्हनलं, मला आतून काढ. तो हसला, म्हनला, खोकला कोनाला न्हाई हितं? मी रोज म्हनत ऱ्हायलो, कागद दाखवला, शेवटी त्येनं गेटवर बसवलं, येनाऱ्या-जानाऱ्या गाड्या वहीत लिवायला. पगार कमी झाला, कांता आता चार घरच्या पोळ्या करती. पन उघड्यावर बसतो. डाक्टरीन बाईनं परत फुकायला लावलं, म्हनली, वाढलं न्हाई, तेवढंच हाय. तेवढंच हाय हे ऐकून कोनाला एवढा आनंद झाला आसंल का? तरी भ्या जात न्हाई. सकाळी उठलं की आधी एक श्वास घेऊन बघतो, कुठवर जातो.

गेटवर बसलं की दुपारच्या सुट्टीत लोक बाहेर येत्यात, आन् माझे कान आपोआप त्यांच्या छातीकडं जात्यात. सोनाबाई म्हनून हाय एक, सरकी भरायला, ती रोज गेटाशी येऊन भिताडाला हात लावून उभी ऱ्हाती. म्या इचारलं, काय व्हतंय? ती म्हनली, काई न्हाई, घशात धूळ गेली. दुसऱ्या दिवशी म्हनली, पान्यात बदल झाला. तिसऱ्या दिवशी मी तिला माझं सगळं सांगितलं, जसं तुमाला सांगायलोय तसं. तिनं पदरानं तोंड पुसलं आन् आत गेली. काल मात्र येऊन म्हनली, भाऊ, त्या नळीत फुकताना दुखतं का वं? म्या म्हनलं, दुखत न्हाई, फक्त भ्या वाटतं. गुरवारी परभनीच्या दवाखान्यात नेनार हाय तिला, कांता बी संगं यायलीय.

रविवारी बसतो आमी. ताईनं नवी चाल बांधलीय, त्याच्यात मला सगळे तुकडे-तुकडे, एकेका श्वासाचे, त्या म्हनत्यात हेच अवघड असतं. खरं हाय, अजून नीट येत न्हाई मला. किती वर्सं येईल ते बी ठाव न्हाई. तुमी एवढं बसून ऐकलं, लिवून घेतलं, तुमचं चांगलं व्हावं, तुमच्या लेकराबाळाची छाती मोकळी ऱ्हावो. चा पिऊन उठा. आन् घाई करू नका, जिना उभा हाय आमचा, दमानं उतरा.