बाहेर काढलेली डिस्क

कसालच्या थांब्यावर वर्षाली वेंगुर्ल्याच्या एसटीची वाट बघत बसली होती. शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी चपटं होतं, आणि तिचा लेक कपाळावर हात मारत होता.

"माय, स्टुडिओतल्या चालू कंप्युटरातली हार्ड डिस्क ओढून काढलंस?"

"परवा विजो लखलखूक लागल्यो. टीव्हीची वायर काढतंव, तशी हीपण काढलंय. कंप्युटर बंद पडलो काय रे, रॉयस्टन?"

"नाय. तो दोन डिस्कांवर एकच लिवता. एक गेली तरी दुसरीवर चलता. आता ही परत घातलंय, की दुसरीवरचा सगळा हिच्यावर लिवतलो."

"मगे हिच्यातला जुना?"

"पुसान जातला. जावंदे. पप्पांनी शेवटच्या नाताळाक गायलेला गाणा मी काल साफ केलंय. मधलो खोकलो काढून टाकलंय."

"दुसरीवर आता खोकलो नाय?"

"नाय गो."

"आणि हिच्यात?"

"हिच्यात आसा."

एसटी आली. म्हातारीने रुमालाची गाठ आवळली.

"चल माय, गाडी इली. स्टुडिओत जावन ही परत घालूया."

"तू जा. कंप्युटरात नवी डिस्क घाल, ही मी घराक नेतंय. तुझो बापूस फाटकात खोकल्याशिवाय कधी घरात इलो नाय."